सरकारने रिसर्चला पैसे दिले की कंपन्या पदरचे जास्त घालतात की कमी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या कंपन्यांचे ग्रँटचे कागद आणि प्रोजेक्ट रिपोर्ट बघणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे हे प्रश्न टपरीवरच्या चहापासून बँकेच्या केबिनपर्यंत सगळीकडे कानावर येतात. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

मुळात भानगड काय आहे?

समजा सरकारने एका कंपनीला नवीन प्रॉडक्टच्या रिसर्चसाठी १ कोटी दिले. कंपनी स्वतःचे १ कोटी त्याच कामाला घालणार होतीच. आता सरकारचे आले म्हणून तिने स्वतःचे तसेच ठेवले तर एकूण रिसर्च वाढलं शून्य, फक्त बिल सरकारच्या नावावर फाटलं. याला क्राउडिंग आउट म्हणतात. उलट सरकारचे आले म्हणून मालकाला धीर आला आणि त्याने ठरवलेल्या १ कोटीवर आणखी ५० लाख काढले तर ते क्राउडिंग इन.

मामाने भाचीच्या लग्नात हॉलचं भाडं भरलं तर वडील तेवढे पैसे बँकेत ठेवतात, का जेवणात मठ्ठ्यासोबत जिलबीपण ठेवतात? झालं, अख्खा विषय एवढाच आहे.

मग उत्तर काय? वाढतं की घटतं?

सरासरी बघितली तर वाढतं. पण या विषयात सरासरीवर जाऊ नका, कारण खरं उत्तर "कोणाला दिले आणि कशासाठी दिले" यातच आहे.

२००० साली पॉल डेव्हिड, ब्रॉनविन हॉल आणि अँड्र्यू टूल या अर्थतज्ज्ञांनी तोपर्यंतचे सगळे अभ्यास एकत्र मांडले तेव्हा साधारण एक तृतीयांश अभ्यासांत सरकारी पैशाने खासगी पैसा हटवलेला दिसला, म्हणजे मामला अगदी एकतर्फी नव्हता. नंतरच्या कामात पारडं वाढीच्या बाजूला झुकलेलं दिसतं. एन्रिको मोरेटी, क्लॉडिया स्टाइनवेंडर आणि जॉन व्हॅन रीनन यांनी श्रीमंत देशांतला डेटा घेतला, संरक्षणावरचा खर्च राजकारणामुळे वरखाली होतो, कंपन्यांच्या कामगिरीमुळे नाही, त्याचा आधार घेतला, आणि त्यांना दिसलं की सरकारी पैशातलं रिसर्च १० टक्के वाढलं की कंपन्यांच्या स्वतःच्या पैशातलं ५ ते ६ टक्के वाढतं. म्हणजे मामाने हॉल दिला, वडिलांनी जिलबी ठेवली.

पण हे मोजतात कसं? चांगल्या कंपन्यांनाच ग्रँट मिळते ना?

एकदम बरोबर पकडलंत, सगळी मेख इथेच आहे. जी कंपनी आधीच हुशार आहे, जिच्याकडे पीएचडी झालेली माणसं आहेत, तिलाच ग्रँट मिळते आणि तीच उद्या जास्त खर्च करते, मग श्रेय ग्रँटचं का कंपनीचं?

यावर सबरीना हॉवेल यांनी मस्त युक्ती केली. अमेरिकेत १९८२ पासून छोट्या कंपन्यांसाठी एसबीआयआर नावाची योजना आहे. तिथल्या ऊर्जा खात्याकडे अर्ज आले की त्यांना रँक देतात आणि पैसे असतील तिथपर्यंत वरून मोजतात. मग रेषेच्या जरा वर असलेली आणि जरा खाली राहिलेली कंपनी यांच्यात खरं तर फरक नसतो, आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या कट-ऑफला एक पोरगं अर्ध्या मार्काने आत जातं आणि दुसरं अर्ध्या मार्काने राहतं, दोघं सारखीच हुशार, तसंच. त्या दोघांची नंतरची वाटचाल बघितली की ग्रँटने काय केलं ते कळतं. निघालं काय, तर साधारण दीड लाख डॉलरच्या पहिल्या टप्प्याच्या ग्रँटने कंपनीला व्हेंचर कॅपिटल, म्हणजे बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा, मिळण्याची शक्यता जवळपास दुप्पट झाली. आणि दुसऱ्या टप्प्याच्या १० लाख डॉलरच्या ग्रँटने? जवळजवळ काहीच नाही.

मला हा निकाल जाम आवडतो. छोटी रक्कम, पण प्रोटोटाइप बनवण्याच्या वेळी हातात आलेली. त्या पैशाने मशीन बनलं, मशीन चाललं, आणि मग बाहेरचा माणूस पैसे घालायला तयार झाला.

गंमत म्हणजे त्याच योजनेवर स्कॉट वॉलस्टेन यांनी २००० साली लिहिलं होतं की कंपन्यांनी एक डॉलर घेतला की स्वतःचा एक डॉलर कमी केला, सरळ हिशोब. योजना एकच, निकाल दोन. पद्धत वेगळी, कंपन्या वेगळ्या. त्यामुळे कोणी छातीठोकपणे एकच आकडा सांगत असेल तर जरा सबुरीने घ्या.

मोठ्या कंपनीला दिलेले जास्त कामाला येतात का छोट्या?

छोट्या. सॉल लाख यांनी इस्रायलच्या कंपन्यांचा अभ्यास केला (२००२ साली छापून आला). छोट्या कंपनीला १ शेकेल (तिथलं चलन) दिला की तिने स्वतःचे आणखी ११ शेकेल घातले. मोठ्या कंपनीत परिणाम झालाच असेल तर उलटाच, आणि तोही नक्की म्हणता येण्याइतका नाही. पण बहुतेक पैसा जात होता मोठ्यांकडे! त्यामुळे सगळ्याची गोळाबेरीज केली की एका शेकेलमागे कसाबसा पाव शेकेल वाढलेला दिसला, आणि तोही खात्रीचा नाही.

कारण सोपं आहे. मोठ्या कंपनीच्या रिसर्चचं बजेट पुढच्या वर्षाचंही ठरलेलं असतं, बँक दारात उभी असते, तिचं सरकारच्या ग्रँटवाचून काही अडत नाही. छोट्याचं सगळं घोडंच पैशावर अडलेलं असतं. प्रोटोटाइप गहाण ठेवून कुठली बँक लोन देणार? शेड दाखव, फ्लॅट दाखव, मग बघू.

भारताचे आकडे काय सांगतात?

२०२०-२१ मध्ये देशात रिसर्चवर एकूण १,२७,३८१ कोटी खर्च झाले, म्हणजे जीडीपीच्या ०.६४ टक्के. दक्षिण कोरिया आणि इस्रायल ५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर आहेत. आपल्या खर्चात खासगी उद्योगाचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास, कोरियात कंपन्यांचा वाटा पाऊण हिश्शाच्याही वर.

हे बघून लोक लगेच म्हणतात, आपल्याकडे सरकारच सगळं करतं म्हणून कंपन्या करत नाहीत, क्राउडिंग आउट झालं. मला नाही तसं वाटत. आपल्या केंद्र सरकारचा रिसर्चचा पैसा बघा जातो कुठे: डीआरडीओ, इस्रो, आयसीएआर, अणुऊर्जा, सीएसआयआर. म्हणजे सरकार एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालतं, कंपनीच्या दारापर्यंत त्यातलं फारच थोडं येतं. जो पैसा आलाच नाही तो पदरचा पैसा हटवणार कसा? आपल्याकडे प्रश्न वेगळाच आहे, सरकारी लॅब आणि कंपनीचं शेड यांच्यामधला रस्ताच कच्चा आहे.

ती २०० टक्केवाली टॅक्सची सूट काय होती? अजून मिळते का?

इन्कम टॅक्सचं कलम ३५(२एबी). कंपनीने स्वतःच्या आत, डीएसआयआर या केंद्राच्या संशोधन विभागाने मान्य केलेल्या आर अँड डी युनिटवर १ कोटी खर्च केले की उत्पन्नातून २ कोटी वजा करायचे, जमीन आणि बिल्डिंगचा खर्च सोडून. ३० टक्के टॅक्स धरला तर जादाच्या १ कोटीमुळे ३० लाख वाचायचे, सरचार्ज-सेस धरून थोडे जास्तच. २०१०-११ पासून २०० टक्के होती, १ एप्रिल २०१७ पासून १५० टक्के झाली, १ एप्रिल २०२० पासून १०० टक्के. १०० टक्के म्हणजे केला तेवढा खर्च वजा, जादा काही नाही.

त्यात सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांसाठी २२ टक्क्यांचा नवा दर आला, पण अट अशी की तो घेतला तर ही वजावट सोडायची. कोणताही सीए दोन मिनिटांत हिशोब करून सांगेल काय घ्यायचं. ज्या कंपनीचा नफा मोठा आणि रिसर्च बारीक, तिने २२ टक्के घेऊन टाकले.

टॅक्सच्या सुटीत एक मूळचाच घोळ आहे बरं का. सूट त्यालाच कामाची ज्याला नफा आहे. ज्या स्टार्टअपला पहिली पाच वर्षं तोटाच आहे ती वजावट कशातून वजा करणार, पुढच्या वर्षांत ओढत नेणार, तोवर कंपनी टिकली तर. म्हणजे ज्याला गरज कमी त्याला सूट रोख, आणि ज्याला गरज जास्त त्याला उधार. ग्रँटचं तसं नाही, ती नफा-तोटा बघत नाही.

सूट होती तेव्हा खरंच रिसर्च वाढलं, का नुसती कागदावर?

दोन्ही. आणि इथे मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो, कंपनीचं नाव विचारू नका. २०० टक्क्यांच्या काळात एका कारखान्यात गेलो तर क्वालिटी कंट्रोलच्या खोलीच्या दारावर नवीकोरी पितळी पाटी, "संशोधन व विकास विभाग". आत तीच माणसं, तोच व्हर्निअर, तोच हार्डनेस टेस्टर, तेच रिजेक्ट मालाचे ट्रे टेबलाखाली सरकवलेले. नवीन काय तर दाराला वेगळं कुलूप आणि टेबलावर वेगळं रजिस्टर, कारण इन्स्पेक्शनला येणारे आर अँड डीची जागा वेगळी आहे का ते बघणार होते. मालक म्हणाला, फुकट ते पौष्टिक.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही हो. चीनमध्ये नियम होता की विक्रीच्या ठरावीक टक्के रिसर्चवर खर्च दाखवला की टॅक्सचा दर खाली येतो. अभ्यासकांनी टॅक्सचे कागद तपासले तर कंपन्यांचे आकडे त्या रेषेच्या बरोब्बर वर येऊन बसलेले, आणि वाढलेल्या खर्चातला जवळपास पाव हिस्सा म्हणजे ऑफिसचाच खर्च नाव बदलून रिसर्चमध्ये टाकलेला. पण त्याची दुसरी बाजू अशी की उरलेला पाऊण हिस्सा खरा होता.

सरकारने जास्त पैसे ओतले तर फक्त सायंटिस्टचे पगार वाढतात, असं म्हणतात?

ऑस्टन गुल्सबी यांनी १९९८ मध्ये अमेरिकेबद्दल हेच दाखवलं. पैसा एका वर्षात दुप्पट करता येतो, पीएचडी माणूस एका वर्षात तयार होत नाही. मग माणसं तेवढीच, पगार वाढले, आणि ज्या कंपनीला सरकारी पैसा मिळालाच नाही तिलापण महागडा माणूस परवडेना. तिचं रिसर्च कमी झालं ते कुठल्या खात्यात दिसतच नाही. हे खरं क्राउडिंग आउट, गुपचूप होणारं.

आपल्याकडे पुण्यात एनसीएल, आयसर या सरकारी संशोधन संस्था, युनिव्हर्सिटी सगळं असूनही चाकणच्या छोट्या कंपनीला चांगला पॉलिमरवाला मिळत नाही ही तक्रार मी कायम ऐकतो. पण तो पगाराइतकाच "तिथे जाऊन मी करणार काय" याचाही प्रश्न आहे.

सरकारी लॅबमधल्या संशोधनाचा कंपनीला थेट फायदा झालेलं एखादं उदाहरण?

रोटाव्हायरसची लस. हे जरा सविस्तर सांगतो कारण यात सगळे धागे आहेत.

रोटाव्हायरस म्हणजे लहान मुलांना जीवघेणे जुलाब. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये काही तान्ह्या बाळांत हा विषाणू सापडला पण बाळं आजारी नव्हती, आणि पुढे त्यांना तीव्र जुलाबापासून संरक्षणही मिळालेलं दिसलं. त्या विषाणूचं नाव ११६ई. आता कुठली खासगी कंपनी यावर वीस-पंचवीस वर्षं बसणार होती? गिऱ्हाईक कोण तर गरीब देशांतली गरीब मुलं. सुरुवातीचा भार उचलला तो भारत-अमेरिका सरकारांच्या लस कार्यक्रमाने, आपल्या जैवतंत्रज्ञान विभागाने, आणि पुढे गेट्स फाउंडेशनने. हैदराबादची भारत बायोटेक यात आली, स्वतःचे पैसे घातले, आणि डोसला १ डॉलर एवढीच किंमत लावायचं कबूल केलं. तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०११ ला सुरू झाली, ६,७९९ बाळांवर, दिल्ली, वेल्लोर आणि आपल्याकडे केईएम हॉस्पिटलच्या वढू बुद्रुकच्या केंद्रात. हो, शिरूर तालुक्यातलं तेच वढू. २०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणात आहे.

आता क्रम बघा. सरकारी पैसा आधी आला, अशा ठिकाणी आला जिथे कंपनी कधीच गेली नसती, आणि तिथून पुढे कंपनीने पदरचे घातले कारण आता प्रॉडक्ट दिसायला लागलं होतं. यात हटवण्यासारखं काही नव्हतंच.

पुण्याचंच दुसरं बघा. आफ्रिकेतल्या मेनिंजायटिसची मेनआफ्रिव्हॅक ही लस सीरम इन्स्टिट्यूटने बनवली, २०१० मध्ये बुर्किना फासोत सुरू झाली, डोस ५० सेंटच्या आत. तिच्यातलं जंतूवरची साखर प्रथिनाला जोडायचं तंत्र आलं कुठून, तर अमेरिकेच्या सरकारी औषध नियामकाच्या, एफडीएच्या लॅबमधून. पैसा अमेरिकन करदात्याचा, कारखाना हडपसरचा, बाळं आफ्रिकेतली. सरकारी रिसर्च सीमेवर थांबत नाही, हे बजेट बनवणाऱ्यांना आवडो न आवडो.

सरकार नुसतं गिऱ्हाईक झालं तर?

कधीकधी ग्रँटपेक्षा ऑर्डर बरी. अमेरिकेत सुरुवातीच्या इंटिग्रेटेड सर्किट महाग होत्या, घेणार कोण, तर मिनिटमन क्षेपणास्त्र आणि अपोलो चांद्रमोहीमवाले. त्या ऑर्डरींच्या जोरावर कंपन्यांनी उत्पादन शिकून घेतलं, भाव पडले, मग बाजार आला. आपल्याकडे इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर, मूळचं साखरेच्या मशिनरीचं नाव, तिथे इस्रोच्या रॉकेट मोटरची केसिंग बनते. विक्रोळीला गोदरेजमध्ये इस्रोच्या रॉकेटचं विकास इंजिन बनतं. ऑर्डर येत राहणार हे माहीत असेल तर मालक नवीन वेल्डिंगवर, टेस्टिंगवर पैसे घालतो.

फक्त आपल्या टेंडरमध्ये एल-१ नावाचं भूत आहे. सगळ्यात कमी रेट त्याला काम. ज्याने तीन वर्षं रिसर्च केलं त्याचा रेट कमी कसा असेल? तो रिसर्चचा खर्च काढणार आणि शेजारचा बाहेरून माल आणून चार रुपये कमी लावणार.

रिसर्चसाठी एक सेसपण होता ना?

होता. बाहेरून टेक्नॉलॉजी विकत घेतली की त्या पैशावर ५ टक्के, १९८६ च्या कायद्याने. त्यातून देशी टेक्नॉलॉजीला मदत करायची होती आणि त्यासाठी १९९६ मध्ये टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्ड स्थापन झालं. कॅगने नंतर दाखवून दिलं की जमा झालेल्यातले १० टक्केसुद्धा बोर्डाकडे गेले नाहीत. २०१७ मध्ये सेस बंद झाला. पुढे बोलण्यासारखं काही नाही.

ते १ लाख कोटींचं काय? आम्हाला मिळतील का?

केंद्राने १ जुलै २०२५ ला आरडीआय योजना मंजूर केली, एकूण १ लाख कोटी. पण ही ग्रँट नाही, लोक इथेच गल्लत करतात. लांब मुदतीचं, कमी किंवा शून्य व्याजाचं कर्ज, नाहीतर भागभांडवल, आणि तेही प्रोजेक्टच्या साधारण निम्म्या खर्चापर्यंत, बाकीचे तुमचे. शिवाय काम टीआरएल-४ किंवा त्याच्या पुढचं हवं (टीआरएल म्हणजे तंत्रज्ञान किती तयार आहे त्याची पायरी), म्हणजे निदान लॅबमध्ये चालून दाखवलेलं.

पदरचे निम्मे घालायची अट मला पटते, पाटी बदलणारे त्यात आपोआप गळतात. पण कर्ज आहे म्हटल्यावर कोण पुढे येणार? ज्याचा ताळेबंद दणकट आहे तो. इस्रायलचे ते ११ शेकेल आठवा आणि पैसा कोणाकडे गेला होता तेही आठवा.

दुसरं म्हणजे अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, २०२३ चा कायदा. ५ वर्षांत ५०,००० कोटी, त्यातले १४,००० कोटी सरकारचे आणि बाकी ३६,००० कोटी उद्योग, सरकारी कंपन्या, देणगीदार वगैरेंकडून येतील असा हिशोब. म्हणजे क्राउडिंग इन आधीच गृहीत धरून बजेट मांडलंय. धाडस आहे.

आमची दहा माणसांची कंपनी आहे. काय करावं?

बायोटेक, मेडिकल डिव्हाइस वगैरे असेल तर बायरॅक या बायोटेकसाठीच्या सरकारी संस्थेची 'बिग' नावाची ग्रँट बघा, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. पुण्यात पाषाणला एनसीएलच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे, त्यांच्यातर्फे अर्ज करता येतो. संरक्षणाचं काही असेल तर संरक्षण मंत्रालयाची आयडेक्स योजना.

आणि पैसे टप्प्याटप्प्याने येतात हे लिहून भिंतीवर लावा. पहिला हप्ता, मग माइलस्टोन, मग रिपोर्ट, युटिलायझेशन सर्टिफिकेट (यूसी, पैसे कुठे खर्चले त्याचा दाखला), मग दुसरा हप्ता. मधल्या महिन्यांत पोरांचे पगार कुठून देणार ते आधी ठरवा. ग्रँट मिळालेल्या कंपनीला पगारासाठी बँकेकडून ओडी (ओव्हरड्राफ्ट) काढताना मी बघितलंय. वेगळं बँक खातं ठेवा, डिझेलचं बिल त्यातून भरू नका, यूसीला घोळ होतो.

ग्रँट नाकारली गेली, तरी मी प्रॉडक्ट केलंच. मग मला ग्रँट द्यायला नको होती असं म्हणायचं का?

हा प्रश्न मला खरंच एकाने विचारला, पंपाच्या सेन्सरवर काम करणारा माणूस आहे. अर्ज गेला, राहिला. त्याने गावाकडची जमीन विकली, रविवारी शेडमध्ये बसून बोर्ड सोल्डर केले, आणि साडेतीन वर्षांनी सेन्सर विकायला काढला. मी त्याला हा सगळा क्राउडिंग आउटचा हिशोब समजावला, की तू तसंही केलंच असतंस, म्हणजे पुस्तकाप्रमाणे सरकारचा पैसा वाया गेला असता. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "दीड वर्षात झालं असतं हो, आणि जमीन राहिली असती. ते कुठल्या रकान्यात लिहिता तुम्ही?"

चहाचे पैसे त्या दिवशी मी दिले.